झंजीरच्या नाकाची नोकरी

मुंबई पोलिसांच्या बॉम्ब शोधक व नाशक पथकातला झंजीर हा लॅब्रॅडॉर कुत्रा १६ नोव्हेंबर २००० रोजी गेला. तेव्हा त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब आणि ६,४०६ जिवंत काडतुसं जमा होती. फुलांनी झाकलेल्या त्याच्या देहाला पुष्पचक्र वाहणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचं छायाचित्र जगभर छापून आलं, आणि त्याखाली हेच आकडे होते. आजही तो फोटो अधूनमधून मोबाइलवर फिरत येतो. आकडे सोबत असतातच.

आकडे मोठे आहेत, पण ते एकट्या कुत्र्याच्या नाकाचा हिशेब म्हणून वाचू नयेत असं मला वाटतं. मार्च १९९३ च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतर पकडलेल्या माणसांच्या जबान्यांतून साठ्यांची ठिकाणं कळत गेली, पथकं तिथे पोचली आणि त्या पथकांत झंजीर होता. तीन टनांहून जास्त स्फोटक कुणी एकट्याने हुंगून काढत नाही. म्हणून त्याचं श्रेय कमी होतं असंही नाही. उलट, किलोच्या हिशेबात त्याच्या नोकरीचा खरा भाग येतच नाही. स्फोटक शोधणारा कुत्रा आयुष्यभर मुख्यतः एकच उत्तर देत असतो: इथे काही नाही. सभेच्या मंडपात काही नाही, फलाटावर काही नाही, मंत्र्यांच्या गाडीखाली काही नाही. हे ‘नाही’ विश्वासाचं कसं होतं आणि वर्षानुवर्षं तसं कसं टिकतं, ते समजलं की झंजीरची आठ वर्षं समजतात.

आधी त्याची पार्श्वभूमी. जन्म ७ जानेवारी १९९२ चा. पुण्यात शिवाजीनगरला गुन्हे अन्वेषण विभागाचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे तो शिकला. २९ डिसेंबर १९९२ ला तो मुंबईच्या पथकात दाखल झाला. नाव अमिताभच्या १९७३ च्या सिनेमावरून ठेवलेलं. त्या वेळी तो वर्षाचाही नव्हता आणि शहर डिसेंबरच्या दंगलीतून जेमतेम सावरत होतं. जानेवारीत ती पुन्हा पेटली. मग १२ मार्चला दुपारी शेअर बाजारापासून सुरुवात होऊन शहरात एकापाठोपाठ बारा स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. झंजीरच्या नोकरीला तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते.

स्फोटांनंतर तीन दिवसांनी, १५ मार्चला, धनजी स्ट्रीटवर उभ्या असलेल्या एका स्कूटरवर त्याने इशारा दिला. स्कूटरमध्ये स्फोटकं निघाली. सिद्धिविनायक मंदिराजवळच्या बेवारस सुटकेसांतून एके-५६ रायफली, पिस्तुलं आणि हातबॉम्ब निघाले, तेही त्याच्याच इशाऱ्यावर. धनजी स्ट्रीट ज्याने पाहिली आहे त्याला पहिल्या प्रसंगाचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना दुकानं, सोन्याचांदीचा बाजार हाकेच्या अंतरावर आणि रस्त्याच्या कडेला ओळीने लावलेल्या दुचाक्या. त्या ओळीतली नेमकी एक निवडायची होती.

ती तो निवडतो कशी, हे बघायला नाकात शिरावं लागेल.

माणूस श्वास घेतो त्याच वाटेने वासही घेतो. हवा वर जाते, वासाच्या पेशींना ओझरती लागते आणि फुप्फुसाकडे वळते. कुत्र्याच्या नाकात आत शिरलेल्या हवेला दोन वाटा फुटतात. बरीचशी हवा फुप्फुसाकडे जाते आणि थोडी, सुमारे आठवा हिस्सा, नाकाच्या मागच्या कप्प्यात वळते. तो कप्पा फक्त वासासाठीच असतो. तिथे कागदासारखी पातळ हाडं गुंडाळ्या करून बसवलेली असतात आणि त्यांच्यावर वासाच्या पेशींचं अस्तर असतं. माणसाच्या नाकात अशा पेशी पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात जातीप्रमाणे वीस-तीस कोटींपर्यंत. उच्छ्वासाचीही सोय वेगळी आहे. कुत्र्याच्या नाकपुडीला बाजूने चीर असते. बाहेर पडणारी हवा तिच्यातून मागे आणि कडेला फेकली जाते, त्यामुळे समोरचा वास उधळला न जाता उलट नाकाकडे ओढला जातो. हुंगताना हे चक्र सेकंदाला पाचएक वेळा फिरतं. तो फूं-फूं आवाज आपल्याला घाईचा वाटतो, पण त्यात अंदाधुंद काही नसतं.

आता दुसरी बाजू, म्हणजे वास कशाचा येतो ती. इथे गंमत आहे. शुद्ध आरडीएक्सला जवळपास वासच नाही. कपाटातली डांबराची गोळी महिन्याभरात झिजते, कारण ती घन असूनही हवेत उडत राहते. आरडीएक्स तसं उडत नाही. साध्या तापमानाला त्याच्या भोवतालच्या हवेत एक लाख कोटी रेणूंमागे त्याचे म्हणून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके रेणू सापडतील. पण बाजारात किंवा कारखान्यात शुद्ध आरडीएक्स कुठे असतं? ते शुद्ध करताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोनसारख्या द्रावकाचा अंश त्यात उरतो. ते मऊ, मळता येईल असं करण्यासाठी प्लॅस्टिसायझर आणि तेलं घालतात. ही मंडळी मात्र सढळपणे हवेत उडतात. १९९३ च्या स्फोटांआधी रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला उतरवलेला माल हाताळणारे त्याला ‘काळा साबण’ म्हणत, यावरूनच तो किती ‘शुद्ध’ होता ते कळतं. म्हणजे कुत्रा ‘आरडीएक्स हुंगतो’ असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा तो आरडीएक्सच्या सोबत्यांना हुंगत असतो. जिलेटिनच्या कांड्यांची गोष्ट उलटी. त्यातल्या नायट्रोग्लिसरीनची वाफ इतकी भरपूर असते की खाणीत ते हाताळणाऱ्या मजुरांचं डोकं दुखायला लागतं. तिथे कुत्र्याची परीक्षा सोपी असते.

याचा थेट परिणाम शिकवण्यावर होतो. कुत्र्याला एकाच कंपनीच्या, एकाच गठ्ठ्यातल्या नमुन्यावर शिकवलं तर तो त्या गठ्ठ्याचा वास शिकेल, स्फोटकाचा नाही. म्हणून नमुने वेगवेगळ्या ठिकाणचे, जुने-नवे, कमी-जास्त वजनाचे लागतात. ते एकमेकांपासून दूर ठेवावे लागतात, कारण नायट्रोग्लिसरीनशेजारी ठेवलेलं काहीही चार दिवसांत नायट्रोग्लिसरीनचा वास मारू लागतं. ज्या डब्यात नमुना लपवतात, तसाच रिकामा डबाही शेजारी ठेवावा लागतो. नाहीतर कुत्रा डब्याचा, हातमोज्याचा किंवा लपवणाऱ्या हवालदाराच्या तंबाखूचा वास पकडून बसतो आणि सगळ्यांना वाटतं की पोरगं हुशार निघालं.

प्रशिक्षणाचा गाभा साधा आहे. पिल्लू निवडताना नाकापेक्षा हौस बघतात. चेंडू गवतात टाकला आणि दिसेनासा झाला, तर कंटाळून परत येणारं पिल्लू या कामाचं नाही. चेंडू मिळेपर्यंत हटणार नाही ते कामाचं. लॅब्रॅडॉर या कामात आवडता आहे तो याचसाठी. हौस दांडगी, खाण्याची ओढ त्याहून दांडगी आणि गर्दीत माणसांवर धावून जाणं त्याच्या स्वभावात नाही. मुंबई पोलिसांचं श्वानपथक १९५९ साली सुरू झालं ते डॉबरमन कुत्र्यांवर, आणि गुन्हेगाराचा माग काढायला डॉबरमन आजही उत्तम. पण लोकलच्या फलाटावर डॉबरमन आला की लोक कुत्र्याकडे बघत मागे सरतात, आणि ज्या बॅगेपासून सरायला हवं ती तशीच राहते.

मग वास आणि बक्षीस यांची गाठ मारतात. स्फोटकाचा वास आला की चेंडू किंवा खाऊ मिळतो, दुसऱ्या कशानेही मिळत नाही. हे पक्कं झालं की पुढची पायरी: वास आल्यावर खाली बसायचं. भुंकायचं नाही, पंजाने उकरायचं नाही, तोंड लावायचं नाही. माग काढणारा कुत्रा संशयितावर भुंकला तर चालतं. बॉम्बच्या कुत्र्याने पिशवीवर पंजा मारला तर ती त्याची आणि पट्टा धरणाऱ्याची शेवटची चूक ठरू शकते. म्हणून तो नाक रोखून स्तब्ध बसतो. लहान कुत्र्याला हे अतिशय जड जातं. हौसेने वेडं होणारं जनावर निवडायचं आणि हौस शिगेला पोचलेल्या नेमक्या त्या क्षणी त्याने गप्प बसावं अशी अपेक्षा करायची! प्रशिक्षणातले बरेच महिने या एका विसंगतीवर खर्च होतात.

कुत्र्यासोबत त्याचा हस्तकही शिकत असतो. पोलिसांच्या कागदांत ‘श्वान हस्तक’ हाच शब्द आहे, बोलताना सगळे हँडलर म्हणतात. खाऊ घालणं, खरारा, डॉक्टरकडे नेणं, लघवीला फिरवणं हे सगळं तोच करतो, आणि त्यात लाडाइतकाच अभ्यास असतो. बसण्याआधी कुत्रा पुष्कळ काही सांगून गेलेला असतो. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं, हुंगण्याचा वेग वाढतो, पुढे निघालेली मान झटक्याने मागे वळते, शेपटीची लय बदलते. प्रत्येक कुत्र्याची ही भाषा निराळी, आणि ती एकट्या त्याच्या हस्तकाला येते. म्हणूनच एक कुत्रा आज याच्या हाती, उद्या त्याच्या हाती असं करून भागत नाही. झंजीरलाही ठरलेले हस्तक होते.

प्रत्यक्ष झडतीत पहिला प्रश्न वाऱ्याचा. वास वस्तूपासून वाऱ्याच्या दिशेने पसरत जातो, टोकाशी अरुंद, पुढे रुंद. म्हणून वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूने शिरायचं, म्हणजे कुत्रा वासाच्या रुंद टोकाला आडवा येतो आणि मग डावी-उजवीकडे हेलकावे घेत अरुंद टोकाकडे सरकतो. उघड्या मैदानात हे सोपं. वातानुकूलित सभागृहात वास खुर्चीखाली जन्मतो आणि छताजवळच्या जाळीत सापडतो. बंद गल्लीत तो भिंतीला आपटून परततो. अशा वेळी कुत्रा एका जागी घुटमळतो पण बसत नाही, आणि हस्तकाला ठरवावं लागतं की पट्टा सैल सोडावा की दुसऱ्या बाजूने पुन्हा यावं. गाडी तपासताना चाकांवरची पोकळी, दारांच्या फटी, बॉनेटची कड, डिकी, असा ठरलेला क्रम असतो. कुत्रा बसला की पुढचं काम त्याचं नाही. हस्तक त्याला शांतपणे मागे घेतो, बक्षीस लांब नेऊन देतो, जागा रिकामी होते आणि एक्स-रे यंत्र घेऊन जड पोशाखातला तंत्रज्ञ पुढे जातो.

या जोडगोळीतला कच्चा दुवा बहुतेक वेळा पट्ट्याच्या माणसाकडच्या टोकाला असतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. अठरा कुत्रे आणि त्यांचे हस्तक. खोल्यांत कुठेही अमली पदार्थ किंवा स्फोटक लपवलेलं नव्हतं, पण हस्तकांना सांगितलं होतं की आहे. काही जागी तशी खूणही चिकटवली होती. कुत्र्यांनी इशारे दिल्याच्या नोंदी ढिगाने झाल्या, आणि त्यातल्या बऱ्याच त्या खुणांपाशी. कुत्रा माणसाच्या चालण्यातला, थबकण्यातला, श्वासातला फरक वाचतो. साहेबांना इथे काहीतरी हवंय असं वाटलं की तो देऊन टाकतो. यावर उतारा एकच: सराव असा घ्यायचा की नमुना कुठे आहे, किंवा मुळात आहे की नाही, हे हस्तकालाही ठाऊक नसावं. हे सांगायला सोपं आणि रोजच्या धबडग्यात करायला कंटाळवाणं आहे. पथकाचा दर्जा मला विचाराल तर मी पदकं नाही, हा सराव बघेन.

आता त्या ‘काही नाही’कडे येऊ. कुत्रा शोधतो ते बक्षिसासाठी. खरा बॉम्ब मात्र वर्षानुवर्षं सापडत नाही, आणि सापडू नये हीच सगळ्यांची इच्छा असते. तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना दोन वाटांवर फिरवलं होतं. एका वाटेवर नेहमी स्फोटकं लपवलेली, दुसरीवर कधीच नाही. कुत्र्यांनी ते लवकरच ताडलं आणि दुसऱ्या वाटेवरचं त्यांचं हुंगणं ढिलं पडलं. नंतर तिथेही स्फोटक ठेवलं तेव्हा ते त्यांच्याकडून निसटू लागलं. ढिलाई लगेच गेली नाही. रोज तोच फलाट, तीच लोकल, तोच पूल तपासणाऱ्या कुत्र्यापुढे अगदी हेच संकट असतं. म्हणून हस्तक मध्येच, नेहमीच्याच वाटेवर, एखादा नमुना लपवून ठेवतो. कुत्र्याला तो मिळतो, चेंडू मिळतो, आणि जग अजून बॉम्बने भरलेलं आहे यावरची त्याची श्रद्धा टिकते. झंजीरच्या नावावरच्या किलोंत असले सरावाचे नमुने मोजलेले नाहीत, पण नोकरीची उरलेली वर्षं त्यांच्यावर चालली.

‘नाही’ला मुदतही असते. ते हुंगलेल्या जागेपुरतं आणि हुंगलेल्या वेळेपुरतंच खरं. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर सीएसटी स्थानकातलं बेवारस सामान गोळा करून एकत्र ठेवलं होतं. आठवड्याने, ३ डिसेंबरला, त्या ढिगात न फुटलेला बॉम्ब सापडला. तोवर स्थानक चालू होतं, लाखो लोक तिथून येत-जात होते. जी बॅग तपासणीच्या वाटेत आलीच नाही तिच्याबद्दल नाक काही सांगू शकत नाही.

आणि मुंबईची हवा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही, तो जीभ बाहेर काढून धापा टाकून थंड होतो. धापा आणि हुंगणं एकाच वेळी जमत नाही. तोंड उघडं असलं की हवा नाकाला टाळून जाते. दमलेल्या, धापा टाकणाऱ्या कुत्र्याची शोधण्याची अचूकता घटते, हेही प्रयोगांनी दाखवलं आहे. म्हणून वीस-तीस मिनिटं काम, मग सावली, पाणी, विश्रांती. मार्च १९९३ मधली मुंबई, उन्हाळ्याची सुरुवात, शहरभरातून बेवारस वस्तूंचे फोन आणि हाताशी मोजके कुत्रे. सव्वा वर्षाच्या झंजीरने काय सोसलं असेल त्याची कल्पना यावरून करता येते.

जाता जाता न्यायालयाची एक गोष्ट सांगायला हवी, कारण बॉम्बचा कुत्रा आणि मागाचा कुत्रा यांतला फरक तिच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९६९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला होता की कुत्र्याने माग काढून माणूस ओळखला, याला पुरावा म्हणून किती वजन द्यायचं. आक्षेप असे होते की कुत्रा पिंजऱ्यात उभा राहून शपथ घेऊ शकत नाही, त्याची उलटतपासणी होत नाही, आणि त्याच्या तर्कावर माणसाचं स्वातंत्र्य टांगता येत नाही. न्यायालयाने त्या पुराव्याला फारसं महत्त्व दिलं नाही. बॉम्बच्या कुत्र्याला मात्र साक्ष द्यावीच लागत नाही. तो बसतो, तंत्रज्ञ सुटकेस उघडतो, खरं-खोटं तिथल्या तिथे ठरतं.

अशा कुत्र्याची नोकरी आठ-दहा वर्षांची. पुढे सांधे धरतात, नाक मंदावतं, हौस ओसरते. झंजीरला निवृत्ती मिळालीच नाही. हाडांच्या कर्करोगाने त्याला गाठलं, परळच्या पशुरुग्णालयात उपचार चालले आणि नववा वाढदिवस यायच्या आत तो गेला. त्याला पोलिसी इतमामाने निरोप दिला गेला. २६/११ च्या दिवसांत काम केलेल्या मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर यांना पुढचे दिवस मिळाले. म्हातारपणी त्यांची रवानगी विरारच्या एका शेतावर झाली होती, आणि २०१६ या एकाच वर्षात चौघेही एकामागून एक गेले. पथकात दाखल होतानाच त्यांची वयं जवळपास सारखी होती, तेव्हा जाण्याच्या वेळाही जवळ येणारच. पथकाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की नवी पिल्लं एकदम न घेता दर दोन-तीन वर्षांनी थोडी थोडी घ्यावीत, म्हणजे अनुभवी नाकं एकाच वेळी संपत नाहीत.